प्रवाशांनी नोंद घ्यावी

गोष्ट रंगात आली की शेजारच्या माणसाच्या खांद्यावर थाप मारायची मला खोड आहे. त्यात मी डावखुरा, आणि तो हात जड. घरात हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे मी बोलायला लागलो की माणसं हळूच जागा बदलतात. बायको तर लग्नाच्या पहिल्या वर्षापासून समोरच्या भिंतीला टेकून बसते. अशा माझ्या डाव्या बाजूला दीड वर्ष, रोज संध्याकाळी, एक दुखरा खांदा येऊन बसत होता, आणि मला पत्ता नव्हता.

तो खांदा साहेबांचा. साहेब म्हणजे रिसोडच्या बसस्टँडवरचे वाहतूक नियंत्रक. निवृत्त झाल्यावर आमच्या समोरच्या घरात राहायला आले. तुम्ही कधी त्या स्टँडवर गाडीची वाट पाहिली असेल, तर त्यांचा आवाज तुमच्या कानात असणारच. शिरपूरमार्गे मालेगावची गाडी फलाटावर लागली, हे ते असं सांगायचे की मालेगावला काही काम नसलेला माणूसही उठून उभा राहायचा.

माझं लग्न त्या आवाजामुळेच झालं. मी वाशीमला मुलगी बघायला निघालो होतो, आणि ही बातमी चौकशीच्या खिडकीसकट अख्ख्या स्टँडला सांगून झाली होती. शेवटी एका अनोळखी म्हाताऱ्याला सांगत सांगत त्याच्यामागोमाग गाडीत चढलो. तेवढ्यात लाउडस्पीकर बोलला, "वाशीमला मुलगी बघायला चाललेल्या पांढऱ्या शर्टवाल्या प्रवाशानं नोंद घ्यावी. आपण मालेगावच्या गाडीत बसलेले आहात." मी उतरलो तेव्हा पूर्ण स्टँड हसत होता.

ही माझी हुकमी गोष्ट. पण साहेब राहायला आले तेव्हा ती त्यांच्यासमोरच पडली. ते नुसते बघत राहिले. चेहरा भिंतीसारखा. मला वाटलं, गोष्टीत दम राहिला नाही. म्हणून आणखी जोरात सांगितली आणि आणखी जोरात थाप मारली. बऱ्याच वेळानं, कान जवळ नेला तरच ऐकू येईल अशा आवाजात ते म्हणाले, "हासलो मी. आतून. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

त्यांना पार्किन्सन होता. चेहऱ्याचे स्नायू आखडले होते, आवाज बसला होता, उजवा हात मांडीवर सतत थरथरत असे. लोक विचारायचे ते हाताबद्दल. ते म्हणायचे, "हाताले काय धाड भरली? तो नाचून राह्यला." मग लोक हसायचे आणि विषय संपायचा. कुठे दुखतं का, असं मीही कधी विचारलं नाही. दुखणं चेहऱ्यावर दिसतं, असा माझा समज होता.

एकदा दुपारी पेपर परत करायला त्यांच्याकडे गेलो. वहिनी त्यांना शर्ट घालत होत्या. उजवी बाही काही वर सरकत नव्हती. साहेबांचा चेहरा रोजच्यासारखाच शांत, फक्त डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"गोळीचा असर उतरला का हा खांदा पेटते, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "हात हालाच्या आधीपासून दुखते. खांदा आखडला म्हणून आमी दोन वर्षं तेल चोळत बसलो. पहाटं तर पायाची बोटं मुठीवानी वळतात. उजव्या खांद्याले मले बी हात लावू देत नाहीत."

"उजव्या?" मी विचारलं.

"उजव्याच."

माझा डावा हात मी पाठीमागे नेला. कुठे ठेवावा, सुचेना. "साहेब, काहून नाही सांगितलं मले?"

ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "सगळे मले काचेचं भांडं समजून राह्यले. जावई हात मिळवत नाही, दुरूनच जयभीम करते. लेक आली का दारातच उभी राह्यते. तुमी एकटेच मारता." मग थांबून म्हणाले, "सांगतलं असतं, तर तुमी बी थांबले असते."

आणि मी थांबलोच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डावा हात मांडीखाली दाबून बसलो. गोष्ट सुरू केली, पण हात बांधला की माझी जीभही बांधली जाते. मधेच अडलो.

"गाडी काहून थांबली?" साहेब म्हणाले.

मी मांडीखालचा हात आणखी दाबला. ते उठले. उठायला त्यांना वेळ लागायचा, आणि उठल्यावर पाय जमिनीला चिकटायचे. मी धरायला गेलो तर मानेनं नको म्हणाले. आपली खुर्ची ओढत ओढत माझ्या उजव्या बाजूला आणली, बसले, आणि डावा खांदा माझ्याकडे केला. "इकडून वाहतूक सुरू आहे."

उजव्या हातानं थाप मारायची मला सवय नाही. ती आपोआप हळू बसली.

त्यानंतर त्यांची खुर्ची तिथेच. रोज साडेपाचला यायचे. ती वेळ का, हे बायकोनं वहिनींकडून काढून घेतलं. दुपारची गोळी ते अशा बेतानं घ्यायचे की माझ्या गोष्टीच्या वेळेला दुखणं जरा दबलेलं असावं. वहिनींना सांगायचे, "साडेपाचची गाडी चुकता कामा नाही."

पुढे पाऊल टाकणंच अवघड झालं, तेव्हा लेकीनं दोघांना नागपूरला नेलं. मी फोनवर गोष्टी सांगायचो. शेवटी शेवटी त्यांचा आवाज फोनमधून येईनासा झाला. एकदा पांढऱ्या शर्टाची गोष्ट पूर्ण सांगितली आणि थांबलो. पलीकडे शांत. मग बोटं फोनवर टकटकल्यासारखी वाजली. लेक म्हणाली, "काका, बाबांचा हात हालून राह्यला फक्त." मी म्हणालो, "नाही, नोंद घेतली म्हणा."

पंधरा दिवसांनी सकाळी तिचा फोन आला. एवढ्या सकाळी ती कधी करत नसे.

नागपूरहून परतलो त्या दिवशी संध्याकाळी चहा झाला. उजवीकडची खुर्ची तशीच होती, उचलायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. सांगायचं काही ठरवलं नव्हतं, तरी तोंडातून निघालं, "मी त्या दिवशी वाशीमले निघालो होतो..." ही गोष्ट बायकोला शब्दन् शब्द पाठ. मालेगावच्या गाडीत चढलो, लाउडस्पीकर बोलला, आणि माझा उजवा हात उठला. रिकाम्या खुर्चीवर तो तसाच राहिला. खाली घेता येईना.

भिंतीला टेकलेली बायको उठली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या शेजारी, त्या खुर्चीवर येऊन बसली. पदर सारखा केला आणि समोर बघत म्हणाली, "मारा. पण उजव्याच हातानं."