अर्ध्या इंचाची लाइन

बावीस वर्षं आखातात गॅसच्या लाइनी टाकून मी रत्नागिरीला परत आलो, तेव्हा या कामात आपल्याला कोणी काही शिकवावं असं राहिलेलं नाही, अशी माझी समजूत होती. पूर्णगडच्या बाजूला एका निवृत्त खलाशाने कातळावर पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. त्याच्या अंगणात मी गॅसवर चालणारा फायरपिट बसवून दिला. पाहुणे संध्याकाळी त्या जाळाभोवती बसत. सिलिंडरची खोली पार मागे, कुंपणापाशी. तिथून ऐंशी फूट अर्ध्या इंचाची लाइन आणली होती. तेवढ्या जाळाला ती पुरत होती.

पुढच्या वर्षी त्याच्या मुलीला अपघात झाला. ऑपरेशननंतर तिचा गुडघा वाकेना. गरम पाण्यात रोज व्यायाम हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बापाने अंगणातच छोटासा स्विमिंग पूल बांधला आणि हीटर जोडायला मला बोलावलं.

हीटर फायरपिटच्या कितीतरी पट गॅस खातो. लाइन किती लांब आणि तिच्यावर भार किती, यावरून पाइपाची जाडी ठरवायची असते. पण जाड लाइन टाकायची तर सगळा कातळ पुन्हा फोडावा लागणार होता. मी जाडीचा तक्ता उघडलाच नाही. जुन्या लाइनीतूनच फाटा काढला. ज्योत पेटलेली बघितली आणि घरी आलो.

आठवड्याने त्याचा फोन आला, पाणी तापत नाही म्हणून. सकाळी जाऊन मी बर्नर साफ केला, हीटर पेटला. संध्याकाळी पुन्हा फोन. मी रेग्युलेटर बदलला, सिलिंडर बदलले, हीटरमधला सेन्सरही बदलला. दर वेळी सकाळी हीटर पेटायचा आणि संध्याकाळी विझायचा. असे तीन आठवडे गेले. फोन वाजला की मी उचलायला वेळ लावायचो. बायको विचारायची, काय झालंय. मी सांगायचो, मशीनच खराब निघालंय.

शेवटी एक दिवस लाइनीला दाब मोजायचं गेज लावून संध्याकाळपर्यंत तिथेच थांबलो. व्यायाम घेणाऱ्या बाई रत्नागिरीहून त्याच वेळी येत. मुलगी पाण्यात दांडा धरून उभी होती. ओठ थरथरत होते. बाई तिचा पाय वाकवायला बघत होत्या आणि ती दात आवळून सहन करत होती. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "काका, आज तरी तापेल ना?"

तेवढ्यात बापाने पाहुण्यांसाठी फायरपिट पेटवला. माझ्या डोळ्यांदेखत गेजचा काटा खाली आला. हीटरची ज्योत पिवळी पडली, फडफडली आणि विझली. मी धावत जाऊन फायरपिट बंद केला, हीटर पुन्हा पेटवला. तरी काटा जेमतेम निम्म्यावर चढला. म्हणजे सकाळीसुद्धा हीटर अर्धपोटीच जळत होता. मी फक्त ज्योत बघत होतो, पाण्यात हात घालून कधी बघितलं नव्हतं.

मी बापाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मशीन चांगलं आहे, चूक माझ्या लाइनीची आहे.

त्याने विचारलं, "भाऊ, जोडताना तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. हिशेब करून बघितलं नाही."

तो टॉवेल घेऊन मुलीकडे गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कातळ फोडायला लागलो. नऊ दिवस ब्रेकर चालवला, हाताला फोड आले. हीटरला दीड इंची स्वतंत्र लाइन दिली. पाणी तापलं, अगदी हवं तेवढं. पण गुडघा तोवर धरला होता. दुसरं ऑपरेशन करावं लागलं.

थंड पाण्यामुळेच असं झालं का, हे मी बाईंना दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, असा गुडघा गरम पाण्यातही धरू शकतो, नक्की सांगता येत नाही. तेवढ्याने माझी सुटका झाली नाही.

परवा मुलगी एसटी स्टँडवर दिसली. गाडीच्या पायरीवर तिने आधी एक पाय टाकला, मग दांड्याला धरून दुसरा वर ओढून घेतला. मागच्या माणसांना थांबावं लागलं. मला हाक मारावीशी वाटली. पण मी खांबामागे उभा राहिलो, गाडी सुटेपर्यंत.