भिंतीबाहेरचे चाचा

गाणं ऐकायचं ते भिंतीच्या बाहेरूनच, असं मानणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच आहे आणि तो माझ्या खोलीच्या खाली फळांचा गाडा लावतो. आमच्या अंबाजोगाईत गाण्याला तोटा नाही. सकाळी देवळातले टाळ, दुपारी नाक्यावर बँडवाल्यांची तालीम, संध्याकाळी गल्लीबोळातून तबल्याचे आणि पेटीचे क्लास, उरुसाच्या दिवसांत कव्वाली. ज्याला काहीच वाजवता येत नाही तो टेबल वाजवतो. आमच्या ऑफिसातले शिपाई टपालावर शिक्के मारतात तेही ठेक्यात. अशा गावात कुणी पहिल्या रांगेतली खुर्ची देऊ केली तर ‘नको, मी बाहेरच बरा’ म्हणणारा माणूस वेडाच ठरायचा. चाचांना लोक तसं समजतातही, पण रागाने नाही.

मी मूळचा कडा गावचा. बायको आणि मुलं तिकडेच, म्हाताऱ्या आईजवळ. नोकरीने मला जिल्ह्याच्या या टोकाला आणून टाकलं आणि संध्याकाळी सहानंतर काय करायचं हे काही सांगितलं नाही. ऑफिस सुटलं की मी खोलीवर येऊन पंख्याकडे बघत बसायचो. अशाच एका संध्याकाळी गावातल्या सभागृहात गायनाचा कार्यक्रम होता म्हणून गेलो, तर दाराबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी हे गृहस्थ भिंतीला कान लावल्यासारखे उभे. पांढरी दाढी, गुडघ्यापर्यंत कुडता, डोळे मिटलेले. मला वाटलं चपला राखायला ठेवलेला माणूस आहे. मी माझ्या त्यांच्यापुढे काढल्या आणि म्हणालो, “चाचा, जरा लक्ष असू द्या.” त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. कार्यक्रम संपल्यावर बाहेर आलो तर माझ्या चपला बाजूला नीट लावून ठेवलेल्या. नंतर कळलं की गावातले निम्मे लोक हीच चूक करतात आणि चाचा बिनबोभाट सगळ्यांच्या चपला राखतात. चपला चोरीला जाणार नाहीत याची खात्री असल्यामुळे कार्यक्रमांना गर्दी वाढली, असं एक आयोजक मला गंभीरपणे सांगत होते.

“चाचा, आत का बसत नाही?” मी एकदा विचारलं. ते गाड्यावर पेरू पुसत होते. म्हणाले, “आत बसून काय ऐकावं, सायेब? आत तर मानसं दिसत्यात. ह्यो खोकला, त्यानं घड्याळ बघितलं, तिसऱ्याची शाल लई भारी हाय. बाहेरून नुस्तं गाणं येतं. भिंत बाकीचं सगळं गाळून घेती.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “कावून विचारता? तुमी बी या की. एकलेच तर बसता वर.” आणि मी गेलो. सूर-ताल कशाशी खातात ते मला माहीत नाही. पण भिंतीबाहेर शेजारी कुणीतरी उभं असतं, एवढं मला पुरे होतं.

पहिलीच स्वारी फसली. एका बंगल्यामागे सतारीचा रियाज ऐकत आम्ही दोघं कुंपणाला टेकून उभे होतो, तर बंगल्याच्या राखणदाराने आम्हाला चोर ठरवलं. मी ओळखपत्र काढायला खिसे चाचपतोय आणि चाचा ओठांवर बोट ठेवून त्या राखणदारालाच गप्प करतायत! “गप बे, आता झाला येतोय!” ते म्हणाले. बिचारा खरोखरच गप्प बसला, आणि झाला, म्हणजे सतारीतला शेवटचा द्रुत भाग, संपेपर्यंत हातातली काठी खाली टेकवून आमच्या रांगेत उभा राहिला. भजनी मंडळाची गोष्ट याहून वरताण. दर एकादशीला चाचा त्यांच्या खिडकीखाली उभे राहतात. मंडळींना वाटलं, म्हातारा संकोचाने आत येत नसेल. एक दिवस पेटी, टाळ खाली ठेवून सगळं मंडळ हात जोडून बाहेर आलं. “चाचा, असलं काही मनात आणू नका, देऊळ तुमचंच आहे,” बुवा म्हणाले. चाचांना कुठे तोंड लपवू असं झालं. शेवटी तडजोड म्हणून मंडळाने खिडकी सताड उघडली, तर चाचा काकुळतीने म्हणाले, “लावून घ्या बुवा, उघडी खिडकी म्हंजी आत बसल्यावानीच की!”

घरचाही कारभार असाच. स्वतःचा रेडिओ त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकला, अट एकच, मधल्या भिंतीला लावून ठेवायचा. शेजारी दिवसभर क्रिकेटचं समालोचन आणि बाजारभाव ऐकतो. चाचा ते निमूटपणे ऐकून घेतात, कारण ज्याच्या घरात रेडिओ त्याची मर्जी. वरात गल्लीतून निघाली की सगळं गाव घराबाहेर पळतं, चाचा घरात पळतात आणि दार लावून घेतात, नाहीतर बँडला भिंत आणायची कुठून? आणि ज्या घरात कुणी रियाज करत असेल त्याच्यासमोर ते गाडा नेतात पण ओरडत नाहीत. त्या गल्लीतल्या बायका तक्रार करतात की हा फळवाला येतो कधी आणि जातो कधी हेच कळत नाही. सीताफळं पिकून काळी पडतात. तीच मग मला वर आणून देतात आणि वर म्हणतात, “आज गिऱ्हाईक न्हाई आलं.”

या सगळ्याचं मूळ मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांच्या घरवालीचा गळा साऱ्या मोहल्ल्यात नावाजलेला होता. लग्नघरी दुपारी बायका कोंडाळं करून बसतात, मध्ये ढोलक, आणि समधी-समधनींची, म्हणजे व्याही-विहिणींची, थट्टा करणारी गाणी गातात. पुरुषांना तिथे मज्जाव. चाचांच्या बायकोने नवऱ्यासमोर आयुष्यात एक ओळ म्हटली नाही. “समूर आलो की तिचा गळा बसायचा,” चाचा सांगत होते. “लाजायची. मंग मी काय करायचो, लग्नघराच्या मागं गाडा लावायचो. ती आत, मी बाहेर. उभा जलम तसंच ऐकलं.” तेव्हापासून कानाला सवयच ती लागली. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन लांब गेली. घरात चाचा, आणि भिंतीपलीकडे बाजारभाव.

ती गेल्यापासून चाचांच्या मनात एकच गोष्ट होती. बायकोची जोडीदारीण अजून होती. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. ढोलक खालाच वाजवायच्या आणि दोघी मिळून गायच्या. एक गाणं तर त्या दोघींनीच रचलेलं, दुसऱ्या कुणाला येत नाही. पण चाचांची बायको गेल्यावर खालांनी ढोलक खुंटीला टांगला तो टांगलाच. चाचांना मरायच्या आधी ते गाणं एकदा ऐकायचं होतं, बस. पण मागणार कसं? परक्या बाईला ‘माझ्या बायकोचं गाणं म्हणा’ असं पुरुषाने सांगायचं, हे त्यांच्या मोहल्ल्यात बसत नाही, आणि चाचांच्या जिभेवर तर मुळीच येत नाही. मी म्हटलं, मी सांगतो. तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग गेल्या हिवाळ्यात खालांच्या नातीचं लग्न ठरलं. नात हटून बसली, ढोलकाची गाणी झाल्याशिवाय मेंदी लावून घेणार नाही. ही बातमी चाचांना गाड्यावर कळली, तेव्हा त्यांनी एका गिऱ्हाइकाला संत्र्यांऐवजी मोसंबी दिली आणि तेही घेऊन गेलं. मेंदीच्या दिवशी दुपारी ते इस्त्रीचा कुडता घालून माझ्या ऑफिसच्या दारात. “सायेब, चला. रजा टाका अर्ध्या दिवसाची.” वाटेत मी म्हणालो, मोबाइलवर भरून घेऊ, मग रोज ऐकता येईल. ते रस्त्यातच थांबले. “बायकांचं बंद दारामागचं गाणं असं डब्यात भरायचं नसतं. फोन बंद करा बघू.” मी बंद केला.

घराच्या मागच्या भिंतीला आम्ही गाडा लावला. आत बांगड्या, हसणं, कुणीतरी ढोलकाची दोरी ओढून ताणतंय. मग गाणी सुरू झाली. ‘समधन के घर कू गए समधी, चाय में नमक डाल को पिए’ अशी एकेक थट्टा आणि वर हशा. चाचांनी डोळे मिटले होते. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी नवरीचे वडील दिसले. घरात लग्न आणि मोहल्ल्यातला एवढा बुजुर्ग माणूस मागच्या भिंतीशी गाडा धरून उभा, हे पाहून त्यांना लाज वाटली. आपण बोलवायला विसरलो असंच ते समजले. “चाचा! आमची इज्जत काढता का? चला, आधी चला!” चाचा “असू द्या, असू द्या” म्हणत होते, पण तिघाचौघांनी मिळून त्यांना पार उचलूनच नेलं म्हणायचं. गाडा सोडून मला जाता येईना. नंतर कळलं, पुढच्या मांडवात त्यांना मधल्या सोफ्यावर बसवलं, गळ्यात हार घातला, हातात सरबत दिलं, आणि कानाशी भोंगा. भोंग्यावरून पाहुण्यांची नावं पुकारणं चाललं होतं.

आणि नेमकं तेव्हाच आत बायका गप्प झाल्या. एकाच बाईचा थकलेला, जरासा फाटलेला आवाज आला, खालांचाच असणार, ढोलक अगदी हळू. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण बाकी कुणी साथ देत नव्हतं, तेव्हा हे तेच गाणं, एवढं मला कळलं. पळत जाऊन चाचांना आणावं म्हणून चार पावलं गेलोही. पण मांडवातून त्यांना सोडवून आणेपर्यंत ते संपलं असतं, आणि मग ते कुणीच ऐकलं नसतं. म्हणून परत फिरलो आणि गाड्याला हात लावून उभा राहिलो. इतका जीव लावून मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

चाचा आले तेव्हा आत जेवणाची गडबड सुरू होती. हार गळ्यातच होता. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय झालं ते समजलं.  मग म्हणाले, “कसं म्हनली?”

मी म्हटलं, “चांगलं म्हटलं. फक्त मधेमधे विसरत होत्या बहुतेक. एक ओळ म्हणायच्या आणि गप्प. नुसता ढोलक वाजत राहायचा. मग पुढची ओळ.”

“गप?” चाचांनी माझा दंड धरला. “दर ओळीला?”

“दर ओळीला.”

“सायेब, विसरली न्हाई ती. सवाल तिचा असायचा आन् जवाब आमच्या घरवालीचा.”  “जवाबाची जागा तशीच सोडली म्हना की. दुसऱ्या कुनाला म्हनू दिलं न्हाई.”

 हार काढून त्यांनी गाड्यावर ठेवला आणि आम्ही घरी आलो. वाटेत एक बाई पपई मागत होती, तिला दोघांनीही पाहिलं नाही.

तेव्हापासून दोन-चार दिवसांआड संध्याकाळी चाचा वर येतात. माझ्याच खोलीत, समोर बसून विचारतात, “सांगा बरं परत.” मी सांगतो. पहिली ओळ कशी आली, ढोलक किती हळू होता, गप्प किती वेळ होत्या. पहिल्यांदा मला एवढंसंच आठवायचं, आता बरंच नीट सांगता येतं. ते डोळे मिटून ऐकतात आणि खालांच्या गप्प बसण्यापाशी मी आलो की हात वर करून मला थांबवतात. हात खाली आला की मी पुढची ओळ सांगतो.

येत्या उन्हाळ्यात माझी कड्याकडे बदली होईल असं ऑफिसात म्हणतात. बायको तिकडे घर आवरायलाही लागली आहे. इतकी वर्षं हाच एक दिवस मागत होतो, तेव्हा आनंद व्हायला हवा, आणि होतोही. चाचांना मात्र मी अजून सांगितलेलं नाही.