तपासनीस क्रमांक एकोणीस

हौसेराव ढाणे यांना संगीताचा मनापासून तिटकारा होता, आणि तुर्भ्याच्या कॅसेट कारखान्यात ते तपासनीस म्हणून टिकले ते याच गुणावर. गाणं आवडणारा माणूस गाणं ऐकत बसतो. हौसेराव फक्त चूक ऐकत. आठ तास कानाला हेडफोन आणि चेहरा तेराव्याच्या पंगतीला बसल्यासारखा.

तिटकाऱ्याचं मूळ साताऱ्याकडचं. वडील लग्नाच्या बँडात पितळी कॉर्नेट वाजवायचे आणि पोराचा सूर चुकला की त्याच कॉर्नेटनं टाळक्यात हाणायचे. पोरानं वाजवणं सोडलं. सूर मात्र टाळक्यात राहिला.

कारखान्याच्या प्रत्येक कॅसेटच्या डबीत एक चिठ्ठी असे: ‘तपासले. क्र. १९’. हौसेरावांचं नाव कधी कुठं छापून आलं नव्हतं. हा आकडा तेवढा येत होता. कोपरखैरण्याच्या घरी बायको गोजराबाई म्हणत, "बोटभर कागुद आन् तोरा आमदाराचा!"

चौऱ्याण्णव साली जुन्या अमेरिकन बिग बँड जॅझचा एक संग्रह कॅसेटीवर उतरवायला आला. वीस निवडक ध्वनिमुद्रणं, प्रत्येकात पंधरा-सोळा जण जीव खाऊन फुंकताहेत. हौसेरावांचं मत पडलं, "वरात हाय. नवरा पळालाय." पहिली बाजू त्यांनी तोंड वाकडं करून पास केली. दुसरी लावली आणि मशीन बंद केलं.

"साहेब, ही बाजू पळतीय. अर्धा सूर वर गेलाय."

मॅनेजर दिलीप तासकरांनी मान वर केली नाही. दुसऱ्या बाजूची मास्टर प्रत त्यांनी स्वतः निवडलेल्या नव्या यंत्रावर निघाली होती आणि माल शनिवारी जायचा होता. "तुम्हाला जॅझ कधीपासून कळायला लागलं?"

"जॅझ न्हाय कळत. पितळ कळतं."

दुसऱ्या दिवशी हौसेराव वडिलांचं कॉर्नेट घेऊनच केबिनमध्ये शिरले. पहिली बाजू लावली आणि एकही कळ न दाबता फुंकलं. सूर टेपला जाऊन चिकटला. दुसरी बाजू लावून तसंच फुंकलं, तर दाराआड पत्रा फाडल्यासारखा आवाज झाला. पितळेचं वाद्य ज्या स्वरात घडतं त्याच स्वरावर बँडवाला बसतो, मग तो कराडचा असो की अमेरिकेतला, असा त्यांचा मुद्दा होता.

"केबिनमध्ये वरात काढता? ते वाजवणारे मेले सगळे. कोण येणार आहे तक्रार करायला?"

"मेलेत म्हनून वाचलात. जित्ते असते तर तुमच्या कानाखाली वाजवली असती."

"सही करा, नाहीतर पॅकिंगला जा."

हौसेराव पॅकिंगला गेले. सही तासकरांनी स्वतः ठोकली. पण चिठ्ठ्या आधीच छापून झाल्या होत्या, एकोणीस नंबरच्या. त्या डब्यांत भरायचं काम आता खुद्द एकोणीस नंबरकडं आलं. तीन हजार कॅसेटी बिनचिठ्ठीच्या बाजारात गेल्या. तासकरांनी मेमो दिला. हौसेरावांनी तो घडी करून चिठ्ठ्यांसोबत खिशात ठेवला.

चार महिन्यांनी नागपूरच्या एका रसिकाचं पत्र आलं. तासकरांनी पॅकिंगमध्ये येऊन ते सर्वांसमक्ष मोठ्यानं वाचलं: "दुसरी बाजू बहारदार. पहिली मात्र अंमळ रेंगाळते. लक्ष घालावे."

तासकरांनी लक्ष घातलं. पुढच्या खेपेला पहिली बाजूही नव्या यंत्रावरून पळवून आणली आणि स्वतः येऊन हौसेरावांपुढं चिठ्ठ्यांचा गठ्ठा आपटला.

"आता दोन्ही बाजू जुळतात ना? घाला चिठ्ठ्या."

"जुळतात की. चोर आन् चोराचा भाऊबी जुळतो."

"हौसेराव, घरी बसवीन!"

"बसवा. नंबर माझा हाय."

पुन्हा तीन हजार कॅसेटी बिनचिठ्ठीच्या गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग हौसेराव. त्या संध्याकाळी गोजराबाईंनी धुण्यातल्या पँटीच्या खिशांतून ओल्या कागदाचा लगदा ओढून काढला आणि नवऱ्यापुढं धरला.

"ओ एकोणीस नंबर, सोताचे खिसे तपासायला कोन ठेवू?"