हात खिशात, डोळे पारड्यावर

"हात खिशात," ओकुमुरा-सान म्हणाले.

मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. समोर टेबलावर त्यांची रायफल होती आणि शेजारी आमच्या कंपनीचा इलेक्ट्रॉनिक काटा. काट्याला मी हात लावू शकत होतो. रायफलीला नाही, काडतुसाला नाही, बंदुकीच्या दारूच्या डब्यालाही नाही. जपानमध्ये परवाना ज्याच्या नावावर, त्यानेच बंदूक हाताळायची असा कडक कायदा आहे. ओकुमुरा-सान त्या बाबतीत कायद्याहून कडक होते.

"सारुंके-सान, चुकून जरी बोट लागलं तरी तुम्ही विमानात आणि मी पोलीस चौकीत."

साळुंखे हे नाव त्यांना म्हणता येत नसे. कंपनीतही सगळ्यांनी माझं सारुंके करून टाकलं होतं.

"नाही लागणार," मी म्हणालो.

"खिशात राहिले तर नाहीच लागणार."

विमानात तर मी तसाही बसणार होतो, अशी चिन्हं होती. ती का, ते आधी सांगतो.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. कावासाकीतल्या एका छोट्या कंपनीत मी एक वर्षाच्या करारावर इंजिनियर होतो. कंपनी वजनकाटे बनवायची. सराफांचे, औषध दुकानांचे, प्रयोगशाळांचे. मी मूळचा बार्शीचा. नगरपालिकेच्या शाळेत शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पुण्यातल्या माझ्या सरांनी स्कॉलरशिपचा फॉर्म स्वतः आणून दिला म्हणून मी जपानमध्ये पोचलो, शिकलो आणि ही नोकरी मिळाली. लग्न होऊन बायको, वैशाली, नुकतीच ग्योतोकुला माझ्याकडे राहायला आली होती. कचरा कोणत्या वारी कोणता टाकायचा हे तिला आत्ताच कुठे पाठ झालं होतं.

मला घेतलं होतं ते एका नव्या काट्यासाठी. अमेरिकेत कितीतरी नेमबाज आपली काडतुसं घरी भरतात. याला हँडलोडिंग म्हणतात. दुकानातलं काडतूस म्हणजे रेडिमेड शर्ट. तो हजारो लोकांना बरा बसतो, एखाद्यालाच नेमका बसतो. कारखान्यातून आलेल्या प्रत्येक रायफलीची नळी किंचित वेगळी असते. तिच्या मापाने काडतूस शिवलं, तर तीच रायफल जास्त अचूक मारते. त्यासाठी दारू अगदी बारीक वजन करून भरावी लागते. म्हणजे काटा लागतो. आमचा काटा त्या लोकांसाठी होता.

काटा अमेरिकेला गेला आणि महिन्याभरात तिथल्या विक्रेत्याचा फॅक्स आला. 'काटा देखणा आहे. पण गिऱ्हाइकं म्हणतात, जुन्या दांडीच्या तराजूने भरलेली काडतुसं याच्यापेक्षा चांगली लागतात.'

आमचे कचो, म्हणजे सेक्शनचे प्रमुख, हिराबायाशी-सान. त्यांनी फॅक्स माझ्या टेबलावर ठेवला. "मार्चअखेर कंपनीचं वर्ष संपतं. तोवर कारण सापडलं नाही तर हा काटा बंद."

"आणि माझा करार?"

"तोही मार्चलाच संपतो, नाही का?" ते रागाने बोलले नव्हते. त्यामुळे जास्त लागलं.

मी लॅबमध्ये काटा तपासला. चिमट्याने प्रमाणित वजनं ठेवायची, आकडा बघायचा. प्रत्येक वेळी आकडा बरोबर. तसा फॅक्स पाठवला. उत्तर आलं, 'मग स्वतः गोळ्या मारून बघा.'

आता मारणार कोण? हिराबायाशी-सानचे कॉलेजातले मित्र ओकुमुरा-सान यांच्याकडे परवाना होता. डोंगराजवळच्या एका गावात त्यांचं चष्म्याचं दुकान. हिवाळ्यात हरणाची शिकार, एरवी रविवारी रेंजवर नेमबाजी. "त्याच्याकडे रायफल आहे आणि तोंडही आहे," हिराबायाशी-साननी आधीच बजावलं. "दोन्हींपासून जपून."

पहिल्या रविवारी आम्ही तीनशे मीटरच्या रेंजवर गेलो. ओकुमुरा-साननी पाच गोळ्या मारल्या. त्या पाच भोकांचा जो घोळका पडतो त्याला ग्रुप म्हणतात. ग्रुप जितका लहान तितकी रायफल अचूक. आमचा ग्रुप पसरट होता, आणि उंच त्याहून जास्त.

"रायफलीचं काही करता येईल?" मी विचारलं.

"तिच्यात बदल करायचा तर परवानगी काढावी लागते. आणि मला करायचाही नाही. आहे तशी मला आवडते ती. बायकोबद्दलही मी हेच म्हणतो."

"आणि त्या काय म्हणतात?"

"ती माझ्याबद्दल असं म्हणत नाही."

म्हणजे बदलायचं ते फक्त काडतूस. काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. आम्ही एकेक गोष्ट घेतली. आधी सगळ्या पुंगळ्या एकाच कारखान्याच्या निवडल्या. मग गोळी पुंगळीत किती खोल बसवायची ते बदलून पाहिलं. गोळी सुटली की नळीच्या आत कोरलेल्या पिळदार आट्यांना भिडेपर्यंत थोडं अंतर मोकळी जाते. हे अंतर काही रायफलींना कमी आवडतं, काहींना जास्त. ते विचारून कळत नाही. मारूनच बघावं लागतं. तिसऱ्या रविवारी त्यांच्या रायफलीची आवड सापडली. ग्रुपची रुंदी निम्म्यावर आली. ओकुमुरा-सान खूश झाले. मला मात्र ग्रुप आता एखाद्या उभ्या रेघेसारखा दिसायला लागला.

उभ्या रेघेला अर्थ असतो. गोळ्या डावी-उजवीकडे सरकल्या तर वाऱ्यावर किंवा मारणाऱ्यावर संशय घ्यावा. वर-खाली पडल्या तर बहुधा त्यांचा वेग सारखा नसतो. वेगवान गोळी वर लागते, मंद गोळी खाली. आणि वेग सारखा नाही म्हणजे दारू सारखी नाही. पण आमचा काटा तर प्रत्येक काडतुसाला तोच आकडा दाखवत होता.

त्या रात्री जेवताना वैशालीने विचारलं, "अहो, सापडलं का काही?"

"काटा बरोबर आहे ग."

"मग गोळ्या खाली-वर का लागतात?"

"तेच कळत नाही."

"मग काटा बरोबर आहे असं तरी का म्हणताय?" ती उठून ताटं आवरायला लागली.

पुढच्या रविवारी मी रेंज सोडून सरळ दुकानामागच्या त्यांच्या खोलीत गेलो. काडतुसं ते तिथे भरायचे. मला संशय होता हवेचा. मी पंखावाला हीटर बंद करायला लावला. जमिनीवर पाणी शिंपडायला लावलं, कारण कोरड्या हिवाळ्यात अंगावर स्थिर वीज साठते आणि तीही काट्याला फसवते. ओकुमुरा-सानच्या पत्नी गरम चहा आणि हात शेकायच्या पिशव्या घेऊन आल्या. "हीटरशिवाय ह्यांचे हात कापतील. मग काटा तरी बिचारा काय करणार?" त्या म्हणाल्या.

हीटर बंद, पाणी शिंपडलेलं, तरी फरक नाही. मग माझे हात पुन्हा खिशात गेले, आणि मी पहिल्यांदा नुसता बघत बसलो.

लॅबमध्ये माझे हात कामात असायचे. इथे बघण्यावाचून काही करता येत नव्हतं. ओकुमुरा-सान आधी चमच्याने बरीचशी दारू पारड्यात टाकायचे. ही दारू म्हणजे पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे असावेत तशी दिसते. शेवटचा थोडा भाग ते एका आडव्या नळीने पाडायचे. नळी बोटाने हळूहळू फिरवली की तिच्या तोंडातून एकेक दाणा पडतो. अतिशय शांतपणे काम चालायचं. दाणा. थांबणं. दाणा. थांबणं.

दाणा पडला. आकडा तसाच.

दुसरा पडला. आकडा तसाच.

असे कितीतरी पडले. पारड्यात ते मला दिसत होते. आकडा मात्र देवळातल्या मूर्तीसारखा स्थिर. मग एकदम तो हलला, हवा तिथे येऊन थांबला, आणि ओकुमुरा-साननी समाधानाने पारडं उचलायला हात पुढे केला.

"थांबा!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की त्यांची पत्नी दारात आली. "पारड्याला टिचकी मारा."

"मी का?"

"माझे हात खिशात आहेत म्हणून."

लहानपणी आईबरोबर वाण्याकडे गेलो की ती सामान बांधू द्यायच्या आधी तराजूला बोटाने एक धक्का द्यायची. काटा अडकलेला नाही ना, एवढंच बघायला. वाणी चिडायचा. आई म्हणायची, "तुमच्यावर विश्वास आहे हो, तराजूवर नाही." मला तेव्हा लाज वाटायची.

ओकुमुरा-साननी टिचकी मारली. आकडा उडाला, डुलला आणि आधीच्याहून वर जाऊन बसला. पारड्यात दारू जास्त होती.

"पुन्हा भरतो," ते म्हणाले.

पुन्हा भरली, पुन्हा टिचकी. या वेळी फरक वेगळा. नळी जितकी हळू फिरवावी तितकी दारू जास्त पडत होती. नशीब एवढंच की ओकुमुरा-सान काडतुसं भरण्याच्या पुस्तकातल्या कमाल मर्यादेच्या पुष्कळ खाली भरत असत. जास्त दारू नुसता नेम बिघडवत नाही, जिवावरही बेतू शकते.

कारण आता माझ्या लक्षात आलं. आमच्या सगळ्या काट्यांमध्ये एक फिल्टर असतो. म्हणजे प्रोग्रॅममधली एक सोय. पाऊल वाजलं, वारा आला, तरी आकडा नाचू नये म्हणून वजनातला अगदी बारीक बदल हा कंप आहे असं समजून काटा तो सोडून देतो, आणि टिचकीसारखा मोठा धक्का बसला की मगच खरं वजन पुन्हा मोजतो. सराफाच्या दुकानात हे योग्यच आहे. कारण सराफ अंगठी एकदम ठेवतो. मीही लॅबमध्ये वजनं एकदमच ठेवत होतो. दाणा-दाणा टाकणारा माणूस आम्ही कुणी डोळ्यांसमोर आणलाच नव्हता. जुन्या दांडीच्या तराजूला असला फिल्टर नसतो. तो प्रत्येक दाण्याला मान हलवतो.

सोमवारी मीटिंग झाली. मी सांगितलं की या काट्यापुरता फिल्टर काढायला हवा. आमच्या माहितीपत्रकावर पहिलीच ओळ होती, 'आमचा आकडा नाचत नाही.'

"फिल्टर काढला तर शेवटचा आकडा सारखा लुकलुकेल," हिराबायाशी-सान म्हणाले.

"हो."

"गिऱ्हाईक म्हणेल, काटा बिघडलाय."

"आत्ता ते तेच म्हणतायत, हिराबायाशी-सान."

शेजारच्या सीनियरने खोकल्यासारखं काहीतरी केलं. कचोंना असं उत्तर देत नाहीत. मी खाली वाकून माफी मागितली. पण बोललेलं मागे घेतलं नाही. म्हणालो, "एका काट्यात नवा प्रोग्रॅम टाकू द्या. ओकुमुरा-सान दोन्ही काट्यांवर काडतुसं भरतील. मग तुम्ही ठरवा."

"कंपनीच्या वेळेत नाही."

"रविवारी जाईन."

"मग मीही येतो. त्याच्याकडे एकट्याला पाठवणं बरं नव्हे."

रेंजवर लक्ष्याच्या मागच्या बांधावर बर्फ होतं. काडतुसं ओकुमुरा-साननी आदल्या दिवशी माझ्यासमोर भरली होती. अर्धी जुन्या काट्यावर, अर्धी नव्यावर. नव्या काट्याचा शेवटचा आकडा खरोखरच थरथरत होता. "म्हाताऱ्यासारखा कापतो हा," ते म्हणाले होते, "पण ऐकू नीट येतं याला."

आधी जुन्या काट्याची काडतुसं मारली. मग नव्याची. मी आणि हिराबायाशी-सान मागे उभे होतो. थोड्या वेळाने पाहिलं तर त्यांचेही हात खिशात होते.

दोन्ही कागद आणून बाकावर पसरले. ओकुमुरा-सानच्या पत्नीने डब्यात ओनिगिरी दिल्या होत्या. भाताचे समुद्री शेवाळात गुंडाळलेले तिकोनी गोळे. ओकुमुरा-साननी एक गोळा पहिल्या कागदावर ठेवला. भोकं वरून आणि खालून बाहेर डोकावत होती. तोच गोळा उचलून त्यांनी दुसऱ्या कागदावर ठेवला.

पाचही भोकं भाताखाली झाकली गेली.

हिराबायाशी-साननी ओनिगिरी उचलून खाली पाहिलं. पुन्हा ठेवली. पुन्हा उचलली.

"बघून झालं असेल तर खा," ओकुमुरा-सान म्हणाले. "आणि तीच रायफल आहे बरं. तिच्या एका स्क्रूलाही मी हात लावलेला नाही."

हिराबायाशी-साननी ओनिगिरीचे दोन भाग केले आणि अर्धा मला दिला. "मॅन्युअलमध्ये काय लिहायचं?" त्यांनी विचारलं. "आकडा का थरथरतो म्हणून?"

तेव्हा मला कळलं की मार्च पार पडला.

काट्याला एक बटण आलं. एका बाजूला सराफासाठी शांत आकडा, दुसऱ्या बाजूला दाणे मोजणाऱ्यासाठी थरथरणारा. मॅन्युअलमधलं वाक्य हिराबायाशी-साननी स्वतः लिहिलं. 'आकडा हलत असेल तर काटा काम करतो आहे.' त्या काट्याविषयी अमेरिकेहून तसा फॅक्स पुन्हा आला नाही. माझा करार वाढला, पुढच्या वर्षी पुन्हा वाढला, आणि मग कुणी करार हा शब्द काढेनासं झालं. पहिल्यांदा करार वाढला त्या उन्हाळ्यात आई-वडील जपानला आले. स्टेशनजवळच्या भाजीच्या दुकानात आईने काट्याच्या ताटलीला बोट लावलं, तेव्हा मी तिला अडवलं नाही.

पुढे नवीन इंजिनियर माझ्याकडे शिकायला यायचे. गिऱ्हाइकाची तक्रार आली की ते बॅग उघडून वजनं आणि चिमटे काढायला लागत. मी त्यांना एवढंच सांगायचो, आधी हात खिशात घाला आणि तो माणूस काम कसं करतो ते बघा. काटा काय म्हणतो ते नंतर.

रायफलीला मी अजूनही हात लावलेला नाही.