भोंग्याचा गृहपाठ

भोंगा फळबाजारात लिलाव पुकारायचा. टोपणनाव अंगाला इतकं चिकटलेलं, की खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. सकाळी पेट्यांसमोर उभा राहिला, की आवाज थेट बाजाराच्या फाटकापर्यंत. घरी आल्यावरही तो काही खाली यायचा नाही. मीठ मागायचं तरी लिलावाच्या सुरात! "अहो, मी बहिरी नाहीये," असं बायको वैतागून म्हणायची. आता तिला त्या बोलण्याची लाज वाटते.

झटका आला तो चहा पिताना. उजवा हात गेला, पाय जेमतेम वाचला, आणि बोलणं पार मुळापासून गेलं. कळत मात्र सगळं होतं. टीव्हीवरच्या विनोदाला हसायचा, मेहुणा आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा, म्हणजे डोकं अगदी शाबूत. फक्त तोंडातून शब्द म्हणून फुटेना.

बायको लाँड्रीत इस्त्रीला. मालकीण भली, पण भली झाली तरी किती थांबेल? महिनाअखेरीला ये, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल, असं तिनं अगदी गोड आवाजात सांगून टाकलं होतं. म्हणजे दिवसभर हा माणूस घरात एकटा. पडला, भाजला, छातीत दुखलं, तर? समोरच्या दारात शिवणकाम करणारी ताई असायची. हाक ऐकली तर लगेच येईल. पण हाक मारायची कशी? दवाखान्यात बोलण्याचा सराव घेणाऱ्या थेरपीवाल्या बाईंकडे बायकोनं तेवढंच मागितलं.

"मला भाषणं नकोत हो. एवढं 'ये' म्हणायला शिकवा."

बाईंनी चित्रांची कार्डं दिली. रोज घरी सराव करायचा, हा गृहपाठ. चार दिवसांत भोंग्यानं ती कार्डं डाव्या हातानं भिरकावून दिली. तेव्हा बाई म्हणाल्या, "अभ्यासाला बसण्याआधी स्वतःशी चांगलं बोलायचं. मला जमेल, असं. शाळेतल्या मुलांनाही आम्ही हेच सांगतो. माणूस घाबरला की त्याची जीभच वळत नाही."

झालं! बायकोला तेवढंच हवं होतं. ती मूळचीच अशी, एकदा सांगितलं की चारदा करणारी. लोकांच्या शर्टांच्या कॉलरीही ती दोन्ही बाजूंनी कडक करायची. सकाळी डोळे उघडले की "म्हणा, मला जमेल." दात घासताना तेच, चपला घालताना तेच. तो तिच्या ओठांकडे बघत बसायचा आणि घशातून नुसती घरघर काढायचा. आणि एका दुपारी भांडी विसळताना तिला मागून ऐकू आलं, "मला... जमेल."

हातातलं पातेलं सुटलं. ओल्या हातांनीच ती त्याच्या गळ्यात पडली आणि ढसाढसा रडली. समोरच्या ताईला ओढून आणून ऐकवलं. भोंगाही चेकाळला, बोली चढवल्यासारखा पुन्हा पुन्हा पुकारत सुटला. घर कसं भरल्यासारखं वाटलं त्या दिवशी.

संध्याकाळी तिनं हौसेनं कार्डं काढली. पेल्याचं चित्र. "हे काय?"

"मला जमेल."

"ते झालं हो. हे काय आहे?"

"मला जमेल."

"बरं, ये म्हणा. ये."

त्यानं तोंड उघडलं, मान ताणली, कपाळावर घाम आला. "मला जमेल." आणि मग त्याचं त्यालाच कळलं. त्यानं डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर फाडकन मारून घेतली. तिनं हात धरला नसता, तर आणखी मारली असती.

पाणी हवं, मला जमेल. भाजी खारट झाली, मला जमेल. बायकोवर चिडला तरी दातओठ खाऊन तेच. थेरपीवाल्या बाईंचाही चेहरा पडला. "बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी एखादं वाक्य असं चिकटतं. काही बोलायला जावं तर तेच पुढे येतं. थोडे दिवस ते बंद ठेवू." बंद ठेवू म्हणे! तो काय मुद्दाम म्हणत होता?

महिना संपत आला. त्या सकाळी भोंगा आंघोळीला गेला, दार नुसतं लोटलेलं. बायको बाहेर दोरीवर कपडे घालत होती. आतून आवाज आला, "मला जमेल." एवढ्या दिवसांत तिला कळायला हवं होतं, खरं आहे. पण कधी नव्हे ते वाक्य प्रसंगाला चपखल बसलं, आणि आशा भल्याभल्यांना वेडं करते. आज अंगावर पाणी स्वतःच घेतायत, असं तिला वाटलं.

"शाब्बास!" ती म्हणाली.

"मला जमेल!"

"जमेल म्हणजे काय, जमणारच!"

आवाज चढला. अगदी बाजारातला, भिंती हलवणारा. ती चादर झटकत हसली. मग आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

दार ढकललं तर तो फरशीवर. पाय अंगाखाली मुडपलेला, गरम पाण्याचा नळ धो धो चालू, मांडी लालबुंद. तो तिच्याकडे बघत होता. रागानं बघितलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं.

"अहो, मला वाटलं..." एवढंच ती बोलली. मग धावत जाऊन तिनं नळ बंद केला.

हाड वाचलं. मांडीवरचे फोड सुकत आले. महिना काही कुणासाठी थांबला नाही. कामावर जायच्या दिवशी ती समोरच्या दारात उभी राहिली.

"ताई, हे 'मला जमेल' म्हणाले, की हातातलं टाकून धावत या."

ताईनं मशीन थांबवलं. "अगं, दिवसभर तेच म्हणत असतात ते. त्यातलं खरं कुठलं, मला कसं कळणार?"

"नाही कळणार," ती म्हणाली. "मला तरी कुठं कळलं? तुम्ही आपल्या या."