शांततेतली बचत

सत्यशीला मेश्राम हिंजवडीत नेमकं काय करते, हे तिच्या वडिलांनी भंडाऱ्याच्या नातेवाइकांना एका वाक्यात समजावलं होतं. "यंत्राच्या पोटात जे बोलणं चालते, ते बंद पाडाचा पगार घेते माझी पोरगी." कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा हे वर्णन बरंच अचूक होतं.

श्रवणयंत्रात एक माइक असतो, एक चिप असते आणि दोघांना जोडणारा दुवा. आवाज असो वा नसो, माइक त्या दुव्यावरून चिपला सतत काहीतरी कळवत राहतो. बहुतेक वेळा एवढंच, की कळवण्यासारखं काही नाही. या कळवण्यातच बॅटरी संपते. शांतता झाली की दुवा झोपवायचा आणि आवाज आला की उठवायचा, ही सत्यशीलाची करामत. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांना, नागोरावांना, ही कल्पना एकदम पटली. कळवण्यासारखं काही नाही हे कळवण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली होती.

नागोरावांना यंत्राशिवाय ऐकू येत नसे. जुन्या यंत्राची बॅटरी दुपारीच मान टाकायची, म्हणून लेक ऑफिसला गेली की ते यंत्र काढून डबीत ठेवत. "रिकाम्या घराचं काय ऐकाचं?" संध्याकाळी सत्यशीला कंपनीच्या बसमधून फोन करायची. रिंग वाजत राहायची आणि वाकडचा सिग्नल सुटेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे नाही नाही ते येऊन जायचं.

त्यामुळे चाचणीसाठी घरच्या ज्येष्ठांना नवं यंत्र देता येईल असं कंपनीने जाहीर केलं, तेव्हा पहिलं नाव तिने दिलं. बॅटरी रात्रीपर्यंत पुरू लागली. नागोराव फोन उचलू लागले, एवढंच नव्हे तर लांबवू लागले. दुपारी उन्हामुळे ते सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारत. यंत्र अर्थातच कानात.

तिथूनच एकदा वॉचमन महिपतीचा फोन आला. "मॅडम, बाबा पडल्यात. पार्सलवाल्याची बॅटरीची स्कूटर व्हती, आवाज न्हाई त्या गाडीला. हॉर्न मारला त्यानं, म्या सवता ऐकला. पन बाबांनी मागं बघितलंच न्हाई."

मनगट मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर नागोराव लगेच म्हणाले, "चूक माझीच. यंत्र खिशात ठेवलं होतं मी." सत्यशीलाने मान डोलावली. बाहेर आल्यावर महिपतीने रुमालात गुंडाळलेलं यंत्र तिच्या हातावर ठेवलं. "पडल्याव कानातनं लोंबत व्हतं. म्हनलं, हरवाया नगं."

दुसऱ्या दिवशी ती ते यंत्र घेऊन प्रयोगशाळेतल्या आवाजबंद खोलीत गेली आणि काही क्षण गप्प उभं राहून तिने एकच टाळी वाजवली. पडद्यावरची रेघ सपाट. पुन्हा शांतता, पुन्हा एक टाळी. रेघ सपाटच. दुवा गाढ झोपला की त्याला उठायला पाव सेकंद लागत होता, आणि तेवढ्यात टाळी संपत होती. हॉर्नही संपला असणार.

चाचण्यांमध्ये हे दिसलं कसं नाही, याचं उत्तर लाजिरवाणं सोपं होतं. त्या खोलीत जो शिरला तो, गणपतीच्या मंडपापासून लग्नाच्या हॉलपर्यंत प्रत्येक माइकसमोर म्हणतात तेच म्हणाला होता. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." पहिल्या हॅलोने दुवा जागा झाला, दुसऱ्याने उत्तीर्ण झाला. त्यात ती स्वतःही होती.

टीमचा प्रमुख वरद याने सगळं नीट ऐकून घेतलं. "टाळी वाजवून घरी कोण कोणाला बोलावतं?"

"हॉर्न, वरद. एकदा वाजलेला हॉर्न."

"पुण्यात? एकदाच?"

ती हसली नाही. मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, काकांची चौकशी करायला फोन केला होता मी. यंत्र खिशात होतं, असं ते स्वतः म्हणाले. सोमवारी क्लायंटसमोर 'बॅटरी दिवसभर' हे आपलं पहिलं वाक्य आहे. दुसरं आपल्याकडे नाहीये."

घरी नागोराव एका हाताने वर्तमानपत्राची घडी घालायचा प्रयत्न करत होते. तिने ती घालून दिली.

"बाबा, वरदला खोटं का सांगितलं तुम्ही?"

"कोण म्हणते खोटं?"

"महिपती."

नागोरावांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "कचेरीत लोक किती खोटं लिहून देत होते, मी एक सही नाही केली. म्हटलं, एखादं खोटं शिल्लक असन माझ्या खात्यावर."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कायले? तुझी नोकरी तर आहेच त्यात. पण खरं सांगितलं की तू हे झोपवणं बंद पाडशील. मंग दुपारपासून मी पुन्हा डबीत."

रस्त्यावर चालणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांचं तिने सांगून पाहिलं. ते म्हणाले, "ते मले माहीत आहे. म्हणून तर खोटं बोला लागलं."

सोमवारी क्लायंट येण्याआधी सत्यशीलाने सगळ्या टीमला त्या खोलीत उभं केलं, कोणालाही हॅलो म्हणू दिलं नाही आणि टाळी वाजवली. नंतर बैठक झाली, पण पहिल्या वाक्याशिवाय. वरदने तिच्याशी महिनाभर फक्त ईमेलवर बोलणं ठेवलं. दुवा झोपवण्याची कल्पना त्यालाही पटली होती म्हणायची. नव्या आवृत्तीत दुव्याला गाढ झोप नाही, नुसती डुलकी. टाळी ऐकू येते. बॅटरी चहाच्या वेळेपर्यंत.

संध्याकाळी ती बसमधून फोन करते. नागोरावांनी यंत्र डबीत ठेवलेलं असतं, पण फोन टेबलावर असतो आणि त्यावर त्यांचा चांगला हात. फोनची थरथर हाताला लागली की ते तो उचलतात.

"बरा आहे मी. मशीन बंद पडली. तू बोलू नको, ऐकू येत नाही," असं सांगतात, आणि ती हॅलो म्हणायच्या आत ठेवून देतात.