हॉलमधल्या बंदुकीची गोष्ट सांगू नका

मी परळच्या एका हॉस्पिटलचं स्टोअर सांभाळते. जी वस्तू रॅकवर दिसत नाही ती नाहीच, या शिस्तीत पन्नाशी गाठली. त्यात भुताखेतांना जागा नव्हती. तरीही हे लिहितेय, कारण यात माझ्या नवऱ्याचं हाड मोडलं.

नवऱ्याला, म्हणजे प्रकाशला, जुन्या लष्करी बंदुकांचा नाद. सगळ्यांच्या नळ्या बुजवलेल्या, कागदपत्रं चोख. ते खातं माझ्याकडे. हिंदमाताच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. हॉलमध्ये सोफ्याच्या वर ठासणीची एक लांब बंदूक टांगलेली आहे. दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी, तिचा एक कोपरा तुटलेला. जुन्या वस्तू विकणाऱ्या गिरगावच्या राजेभाऊंनी ती आम्हाला विकली आणि सोबत एक गोष्टही दिली — खडकीच्या लढाईत आपल्या एका शिलेदाराने गोऱ्या शिपायाला लोळवून ती हिसकावली म्हणे. पुरावा काहीच नाही. गोष्टीच्या शेवटी मरणाऱ्या त्या शिपायाच्या भित्रेपणावर एक खवचट वाक्य होतं. त्यावर हमखास हशा पिकायचा.

खंडेनवमीला बंदुकांची पूजा झाली, पाहुणे जमले, प्रकाशने गोष्ट सांगितली. दुपारी शर्ट काढला तर उजव्या खांद्यावर काळानिळा वळ... वर रुंद, खाली निमुळता, एक कोपरा नसलेला. मी बंदूक उतरवून पट्टी त्यावर धरली. तंतोतंत बसली.

"कपाटावर आपटलो असेन गं," प्रकाश म्हणाला.

दिवाळीत त्याने ती माझ्या भावाला ऐकवली. शेवटच्या वाक्याला सगळे हसले, आणि सोफ्यावर बसलेला प्रकाश मागे फेकला गेला. कॉलरबोन मोडलं.

"बाइकवरून पडलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोफ्यावर बसलो होतो."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

मी राजेभाऊंना फोन केला. झालेलं सगळं सांगून म्हटलं, बंदूक परत न्या.

"वहिनी, बुजवलेली बंदूक कुठे धक्का देते का? साहेबांना नाचणी द्या. हाडं ठिसूळ झालीत." आणि हसले.

प्रकाशला तेव्हा शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. आवाज गोड करून मी त्यांना रविवारी चहाला बोलावलं. म्हटलं, ती गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायचीय.

आले. त्यांना बरोबर बंदुकीखाली बसवलं, मी समोरच्या खुर्चीत. भर दुपार, खिडक्या उघड्या. त्यांनी गोष्ट चांगली रंगवली. शेवटचं वाक्य म्हणाले, तोंडभर हसले — आणि हातातला कप उडाला. पाठ सोफ्यावर आदळली.

"वहिनी... कोणी मारलं?"

"मी इथे बसलेय. प्रकाश आत आहे. वर बघा."

बंदूक होती तशीच होती. हॉलमध्ये फटाक्यांसारखा वास मात्र येत होता.

"गोष्ट मी रचली हो," ते कण्हत म्हणाले. "कुणाची, कुठली, काही माहीत नाही. पडक्या घराच्या माळ्यावर पोत्यात मिळाली."

"मला काय सांगता? तिला सांगा."

उजवा हात उचलेना. डाव्या हातानेच नमस्कार करून त्यांनी तिला सगळं सांगितलं. त्यांचंही तेच हाड मोडलं होतं. मला बरं वाटलं. अजून वाटतं.

प्रकाश आता बरा आहे. बंदुकीला फूल वाहतो, कुणी विचारलं तर "माहीत नाही" म्हणतो. काढून टाका, असं सगळे सांगतात. मी नाही काढणार. बाहेर गेली तर कुणीतरी तिला नवी गोष्ट चिकटवेल. मारतं कोण, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

गोष्टीतलं ते शेवटचं वाक्य मी इथे दिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा दिलं होतं. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, असा माझा समज होता.

हे सगळं मी डाव्या हाताने टाइप केलंय.